शास्त्रात कुठे लिहिलंय?

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी वसईतल्या आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. मृतात्म्यांचा दिवस. थडग्यांना नवा चुना लागलेला असतो, त्यावर झेंडू-शेवंतीच्या पाकळ्यांचे क्रूस काढलेले असतात. समुद्रावरचा खारा वारा मेणबत्ती टिकू देत नाही, म्हणून प्रत्येकाची आपापली युक्ती असते. कुणी करवंटीचा आडोसा करतं, कुणी पाण्याची बाटली अर्धी कापून तिच्या पोटात मेणबत्ती उभी करतं. फादर रांगेरांगेने आशीर्वादित पाणी शिंपडत येतात आणि प्रत्येक घर आपापल्या माणसापाशी हात जोडून उभं असतं. काकीला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मीरा रोडहून आला होता. तो बरीच वर्षं या दिवशी गावात येत नसे. मी बाटलीत मेणबत्ती बसवली आणि काडेपेटी त्याच्यापुढे धरली, कारण पहिली ज्योत मुलानेच लावायची. त्याने काडेपेटी घेतली, बोटांत फिरवली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाला, "ताई, हे शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखव. मी लावतो."

आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं.

आम्हा कॅथलिकांकडे, चर्च सोडून केवळ बायबल मानणाऱ्या एखाद्या मंडळीत गेलेल्या माणसाबद्दल 'तो बिलिव्हर झाला' एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळतं. भिंतीवरची मारियामातेची तसबीर उतरली असणार, गळ्यातली माळ गेली असणार, नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, येणं बंद झालं असणार, आणि घरातल्या पुढच्या लग्नात कुठल्या चर्चमध्ये, कुणाच्या हातून, यावरून वाद होणार. काकीच्या घरी हे सगळं झालं होतं. पण त्याचं जाणं मी जवळून पाहिलंय. लहानपणी धूपदान हलवत फादरांच्या पुढे चालणारा हा मुलगा नोकरी सुटल्यावर दारूत बुडाला, आणि ज्या चर्चमध्ये तो वाढला तिथल्या कुणाला त्याचं नाव घेऊन घरी जावंसं वाटलं नाही. एका भाड्याच्या खोलीत सतरंजीवर बसून बायबल वाचणाऱ्या दहा-बारा माणसांनी त्याला उचललं. त्याची दारू सुटली, संसार सावरला. त्याचं बायबल मी हातात घेऊन पाहिलंय. कडा काळ्या पडलेल्या, समासात तारखा, निळ्या-लाल पेनाने रेघा मारलेल्या, स्तोत्रांची पानं तर नुसती हाताळून मऊ झालेली. आमच्या घरातलं बायबल लग्नात भेट आलेलं होतं, सोनेरी कडांचं, शोकेसमध्ये उभं. ती दोन पुस्तकं डोळ्यांपुढे शेजारी शेजारी आली की तो घर सोडून का गेला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

पण त्या संध्याकाळचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याने तो मारियामातेच्या मूर्तीपुढे विचारला नव्हता, पोपबद्दल विचारला नव्हता. विचारला होता एका थडग्यापाशी. आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाची फाटाफूट सुरू झाली तीही मेलेल्यांसाठी करायच्या प्रार्थनेपाशीच. १५१७ मध्ये रोमला संत पेत्राचं महामंदिर बांधायला पैसे हवे होते आणि जर्मनीत क्षमापत्रं, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचे चर्चचे कागद, विकली जात होती. आपल्या गेलेल्या आईबापांची शुद्धिस्थानातून, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे जिथे शुद्ध होतात त्या जागेतून, सुटका व्हावी म्हणून गरीब माणसं त्यासाठी नाणी मोजत होती. मार्टिन ल्यूथर नावाचा एक संन्यासी, धर्मगुरू आणि प्राध्यापक असलेला माणूस ते पाहून पेटला. त्याचे ९५ मुद्दे ३१ ऑक्टोबरचे, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवसाचे आहेत, आमच्या दफनभूमीत चुन्याची बादली फिरत असते त्याच दिवसांतले. त्याचा संताप खरा होता. पोरक्या माणसाच्या दुःखावर पैसे उकळणं हे पाप आहे, आणि ते माझ्या चर्चने केलं. अर्धशतकानंतर, १५६७ मध्ये, पोप पाचवे पायस यांनी पैशाच्या मोबदल्यात क्षमा देणं बंद केलं. तोवर युरोप दुभंगला होता.

१५१९ मध्ये लाइपझिगला ल्यूथर आणि रोमच्या बाजूचे धर्मपंडित योहान एक यांचा जाहीर वाद झाला. मृतांसाठी प्रार्थना शास्त्रात कुठे आहे, हा सवाल तिथेही आला आणि योहान एकने मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय पुढे केला. ती हकिगत मी त्या रात्री घरी येऊन पुन्हा वाचली. यहुद्यांचा सेनानी यहूदा मक्काबी लढाईनंतर आपल्या पडलेल्या सैनिकांची प्रेतं पुरायला जातो, तर प्रत्येकाच्या अंगरख्याखाली परक्या दैवतांचे ताईत सापडतात. म्हणजे ही माणसं पापात मेली. यहूदा त्यांना टाकून देत नाही. तो सैन्यात वर्गणी काढतो, चांदीच्या सुमारे २००० द्राख्मा जमवून यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावं म्हणून. ग्रंथकार म्हणतो, मेलेले पुन्हा उठणार असं त्याला वाटत नसतं तर मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं व्यर्थच होतं. मला ही हकिगत फार जवळची वाटते, त्या ताइतांमुळे. आपल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या अंगरख्याखाली असं काहीतरी असतंच, आणि ते सापडल्यावरही आपण त्याच्यासाठी उभे राहतो.

मी भावाला फोन केला. म्हटलं, हे बघ, लिहिलंय. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या बायबलात."

लाइपझिगला ल्यूथरनेही हेच उत्तर दिलं होतं: हा ग्रंथ प्रमाण शास्त्रात मोडत नाही. भावाच्या बायबलात ६६ ग्रंथ आहेत, माझ्या बायबलात ७३. तोबित, यहूदिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींचे दोन हे त्याच्याकडे नाहीत. ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ते काढून नव्हते टाकले, वाचायला चांगले पण शास्त्राच्या बरोबरीचे नव्हेत असं म्हणून वेगळे ठेवले होते. बाहेर ते पुढे पडले. १८२६ मध्ये लंडनच्या बायबल सोसायटीने हे ग्रंथ असलेल्या आवृत्त्यांना पैसा द्यायचा नाही असं ठरवलं, आणि मग जगभर जी स्वस्त बायबलं घरोघर गेली ती बहुतेक ६६ ग्रंथांचीच. भावाला हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं की त्याचं बायबल आहे तसंच वरून आलंय आणि आम्ही त्यात भर घातली.

इथे मी परंपरेच्या बाजूने उभी राहते, आणि अगदी ठाम उभी राहते. येशूने स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. पौलाची पत्रं, चार शुभवर्तमानं हे सगळं मंडळ्यांमधून वाचलं जात होतं, नकलून घेतलं जात होतं, आणि त्याच वेळी दुसरीही पुष्कळ पुस्तकं प्रेषितांची नावं लावून फिरत होती. आजचे नव्या कराराचे २७ ग्रंथ नेमके मोजून सांगणारी पहिली यादी आपल्याला मिळते ती ३६७ सालच्या एका पत्रात, आलेक्सांद्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या. मग ३९३ ला हिप्पो आणि ३९७ ला कार्थेज इथल्या सभा. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं ख्रिस्ती माणसं जगली, छळ सोसून मेली, आणि त्यांच्या हातात आज आपण ज्याला नवा करार म्हणतो ते बांधलेलं पुस्तक नव्हतं. कुठला ग्रंथ आत आणि कुठला बाहेर, हे बायबलात कुठेही लिहिलेलं नाही. ते ठरवलं बिशपांनी, सभांनी, आणि त्यांच्याही आधी रविवारच्या उपासनेत काय वाचायचं आणि काय नाही हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या मंडळीने. ज्या हाताने ताट वाढलं त्या हातावर अविश्वास ठेवून त्या ताटातलं जेवायचं, हे मला जमत नाही. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमसारख्या जाणकारालाही त्या सात ग्रंथांबद्दल शंका होती, हेही सांगायला हवं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ ला यादी कायमची पक्की करेपर्यंत ती कुजबुज चालूच होती. त्याच दिवशी त्या सभेने असंही जाहीर केलं की लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली अलिखित परंपरा या दोहोंना सारख्याच भक्तिभावाने स्वीकारावं. 'सारख्याच' म्हटलं आणि तिथेच दोन वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

परंपरा म्हटलं की मला ट्रेंट आठवत नाही, माझी आजी आठवते. तिला अक्षर येत नव्हतं. केळीच्या बागेत वाकून काम करताना संध्याकाळची घंटा झाली की ती चिखलाचा हात कमरेच्या फडक्याला पुसून सरळ उभी राही आणि 'देवदूताचा संदेश' ही प्रार्थना म्हणे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तेव्हा लॅटिनमध्ये होती. ती मागच्या बाकावर बसून मिस्साभर रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, करी, कारण वेदीवर काय बोललं जातंय त्यातलं तिला कळत नसे. लाकडी मणी तेलकट काळे झाले होते आणि एका ठिकाणी दोरा तुटून गाठ मारलेली होती. त्या गाठीशी बोट आलं की ती क्षणभर थांबायची, मग पुढे. माळ ओढताना मनात आणायचे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, म्हणजे रहस्यं: आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच. येशूचा जन्म, मंदिरात हरवणं, गेथशेमानेतला घाम, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस, रिकामं थडगं हे सगळं तिने कधी वाचलं नव्हतं आणि तिला सगळं येत होतं. भाऊ म्हणतो, पंधरातली शेवटची दोन, मारियेचं स्वर्गात घेतलं जाणं आणि तिचा राज्याभिषेक, शास्त्रात नाहीत. बरोबर आहे, नाहीत. मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण मात्र पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या निदान सहाव्या शतकापासून पाळत आल्या आहेत, आणि १ नोव्हेंबर १९५० ला पोप बारावे पायस यांनी ते श्रद्धेचं तत्त्व म्हणून जाहीर केलं तेव्हा कागदावर ते नवीन होतं, आजीच्या बोटांना नव्हतं. पण पंधरातली तेरा तर शास्त्रातलीच आहेत ना? ती तिच्यापर्यंत कुणी पोचवली?

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. किल्ल्यातल्या मठांमधले संन्यासी गेले, सरदार गेले, सत्तेचं छत्र गेलं. इथले शेतकरी, कोळी, मिठागरवाले राहिले. धर्मगुरू थोडेच उरले होते. छापील मराठी नवा करार यायला अजून ७० वर्षं होती. विल्यम केरींनी तो श्रीरामपूरहून काढला १८११ मध्ये, आणि तो वाचू शकणारं माणूस आमच्या वाडीत तेव्हा सापडलं असतं असं मला वाटत नाही. ज्यांना परत फिरायचं असेल त्यांना अडवायला कुणी नव्हतं. तरी ही माणसं ख्रिस्ती राहिली. क्रूसापाशी जमून, सण पाळून, बारशा-लग्नात गाणी म्हणून, मेलेल्यांसाठी माळ ओढून. 'केवळ शास्त्र' हे ज्यांच्या श्रद्धेचं पहिलं तत्त्व आहे त्यांना मला कळवळून विचारावंसं वाटतं की या माणसांचं काय करायचं? त्यांच्याकडे शास्त्र नव्हतं. त्यांनी जे जपलं ते शास्त्रातलंच बरंचसं होतं, पण ते त्यांना माणसांनी दिलं होतं.

आणि तरीही इथे मी थांबू शकत नाही, कारण शास्त्र नव्हतं ते का नव्हतं? ट्रेंटनंतर १५६४ मध्ये रोमने नियम केला की लोकभाषेतलं बायबल वाचायचं तर बिशपची किंवा इन्क्विझिटरची, म्हणजे धर्मन्यायालयाच्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी हवी. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये आपलं ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ ११ हजार ओव्यांचं, आपल्या मराठीत. त्यात नवख्रिस्ती माणसं म्हणतात की आमची जुनी पुराणं गेली, आता वाचायला काहीतरी द्या. फादरांनी जे दिलं ते अपार सुंदर आहे, मी ते मोठ्याने वाचते. पण ती शास्त्राची कथा आहे, शास्त्र नव्हे. लोकांनी पुस्तक मागितलं आणि चर्चने त्यांना, प्रेमानेच, काय पचेल ते निवडून दिलं. दोनशे वर्षं. भावाच्या प्रश्नातली धग तिथून येते, हे मला मान्य करावं लागतं.

ती धग मराठीत सर्वात स्पष्ट मांडली ती पंडिता रमाबाईंनी. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं होतं. बाईने शास्त्राला हात लावायचा नाही, म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोनच वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांची पत्रांतून खडाजंगी सुरू झाली. ती मंडळी रोमन कॅथलिक नव्हती, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचीच होती, पण चर्च सांगेल ते मानायचं हा आग्रह तोच. रमाबाईंनी लिहिलं की आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता पाद्री सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मानून दुसरं तसंच जोखड मी मानेवर घेणार नाही. हे वाचताना मी कॅथलिक असून त्यांच्या बाजूची होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल एकटीने मराठीत आणायला बसल्या, खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावं असं. दुष्काळातून, वैधव्यातून, रस्त्यावरून आलेल्या मुलींना आधी अक्षर शिकवायचं, मग त्यांच्याच हातांनी खिळे जुळवून ते छापायचं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, आणि १९२४ मध्ये तो सबंध ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आला. माझी आजी आणि त्या खिळे जुळवणाऱ्या मुली एकाच काळातल्या असतील. आजीला कुणी अक्षर दिलं नाही. तिच्या श्रद्धेला काही उणं होतं असं मी म्हणणार नाही, पण तिला विचारलं असतं तर तिने शाळा नको म्हटलं नसतं.

माझं चर्च बदललं, उशिरा बदललं. १८ नोव्हेंबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन सभेने सांगितलं की शास्त्राचं दार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडं हवं, आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनावर नाही, त्याच्या सेवेला आहे. मिस्सा मराठीत आली. वसईतल्या माणसांनी केरळातल्या पोट्टा इथल्या साधना-शिबिराहून येताना बायबल काखेत आणलं. आमच्याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि त्यासाठी साहित्य अकादमीने त्यांना गौरवलं. पण वाचायची मुभा मिळाली तरी अर्थ कुणी लावायचा हा प्रश्न उरतोच, आणि तो दोन्हीकडे उरतो. बायबलातच दोन प्रसंग आहेत. बिरुयातले लोक पौलासारख्याचं बोलणंही तसंच्या तसं न घेता रोज शास्त्र उघडून ताडून बघतात, आणि त्यांना थोर मनाचे म्हटलंय. त्याच ग्रंथात रथात बसून यशया वाचणारा कूशी (इथिओपियाचा) अधिकारी शुभवर्तमान सांगणाऱ्या फिलिप्पाला म्हणतो, कुणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसं समजणार? भाऊ पहिला प्रसंग सांगतो, मी दुसरा सांगते. खरं तर दोघांनीही दोन्ही सांगायला हवेत.

कारण भावाच्या मंडळीतही फिलिप्प आहे. पाळक काय म्हणतात यावर तिथे दागिने घालायचे की नाही, औषध घ्यायचं की नाही, आईच्या अंत्यविधीला मिस्साला उभं राहायचं की नाही हे ठरतं. काकी गेली तेव्हा तो चर्चच्या दाराबाहेर उभा होता. तसं शास्त्रात लिहिलेलं नव्हतं, त्याला कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या फादरांना चुकीचं वाटलं तर मी बिशपकडे जाऊ शकते, बिशपच्या वर रोम आहे, आणि त्या सगळ्यांना शेकडो वर्षांपूर्वी ठरलेल्या गोष्टी बांधून ठेवतात, त्यांना मन मानेल तसं वळता येत नाही. चर्चचा अधिकार गैरवापरला गेलाय हे मी वर लिहिलंच. पण एकट्या माणसाच्या हातात बायबल आणि त्याच्यावर कुणीच नाही, याची मला जास्त भीती वाटते. हे मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, दाराबाहेर उभं राहायला नको होतं.

आता रविवारी रात्री आम्ही फोनवर एक अध्याय वाचतो. तो त्याच्या बायबलातून, मी माझ्यातून. तो रोझरी म्हणणार नाही आणि मी चर्च सोडणार नाही, हे दोघांना ठाऊक आहे. सध्या रोमकरांस पत्र चाललंय. आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो की मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. मी म्हटलं, मग काकी ख्रिस्तात आहे आणि तू ख्रिस्तात आहेस, तर तिच्यासाठी प्रार्थना करायला मध्ये काय आड येतं? तो म्हणाला, ताई, पौल देवाच्या प्रीतीबद्दल बोलतोय, आपल्या प्रार्थनेबद्दल नाही; त्या वचनाच्या तोंडी तू तुझं म्हणणं घालू नकोस. वचनापुरतं त्याचं बरोबर होतं. चार अध्याय पुढे पौल लिहितो की आपण पुष्कळ जण ख्रिस्तात एक शरीर आहोत आणि एकमेकांचे अवयव आहोत. मेल्यावर माणूस त्या शरीरातून गळून पडतं असं पौलाने कुठे लिहिलंय, ते मी त्याला तिथे विचारणार आहे.